सभासद कोण? परग्रही साम्राज्याची समूहवादी विचारसरणी रचताना

विज्ञानकथेत समूहवादी परग्रहवासी आले की चित्र ठरलेलं असतं. कपडे सारखे, आवाज सारखा, मन एक, आणि शेवटी पृथ्वीवरचा एखादा हट्टी गडी त्यांना 'मी' म्हणायला शिकवून परत येतो. सोलापुरात आम्ही काही जण एकमेकांच्या कथा वाचतो. दिवाळी अंकांची मुदत जवळ आली की असलं एखादं साम्राज्य येतंच. गंमत अशी, की लिहिणाऱ्याच्या गल्लीत पतसंस्था आहे, यंत्रमागाची खडखड आहे, शेजारची मावशी विड्या वळते, मामाचा ऊस सहकारी कारखान्याला जातो, आणि तिकडं कुंभारीला विडी कामगार बायकांनी सहकारातून उभी केलेली 10,000 घरांची वसाहत आहे. समूह कशानं टिकतो आणि कुठं फाटतो, सगळं हाताशी आहे. साम्राज्य तेवढं उसनं आणलेलं.

तर ते मुळापासून कसं रचायचं, ते पायरीपायरीनं बघू. सोबतीला उदाहरण म्हणून एक जात घेऊ: निहार. त्यांचा ग्रह स्वतःभोवती फार सावकाश फिरतो, त्यामुळे तिथली एक रात्र आपल्या 40 दिवसांची. (यात अचाट काही नाही, आपल्या चंद्रावरची रात्रसुद्धा सुमारे 14 दिवसांची असते.) एकटा निहार ती रात्र काढू शकत नाही. सगळे मिळून दाटी करून उभे राहतात, मधले उबेत, कडेचे गारठ्यात. कडेला उभं राहायची पाळी प्रत्येकाला येते. एवढ्या भांडवलावर एक साम्राज्य उभं राहतं का बघूया.

पायरी 1: शरीर कुठं संपतं, तत्त्व कुठं सुरू होतं

तुमचे परग्रहवासी समूहासाठी मरतात ते दुसरा इलाजच नसतो म्हणून, की तसं मरावं असं त्यांच्या मनावर बिंबवलंय म्हणून? इलाजच नसेल तर विचारसरणीचं काम नाही. यकृताला कुणी निष्ठा शिकवत बसत नाही. 'नाही' म्हणायची सोय असते तिथंच तत्त्वज्ञान, शपथा, गाणी आणि शिक्षा लागतात.

निसर्गातसुद्धा 'एक मन' वगैरे प्रकरण फारसं खरं नसतं. मधमाश्यांच्या पोळ्यात कामकरी माशी कधीकधी स्वतः अंडी घालते. ती अफलित असतात, त्यांतून नर निघतात. बाकीच्या कामकरी माश्या ती अंडी हुडकून खाऊन टाकतात. म्हणजे ज्या पोळ्याचा दाखला आपण एकीसाठी देतो, तिथंही चोरी आहे आणि पहाराही आहे. मातीत राहणारे डिक्टिओस्टेलियम नावाचे अमीबा उपासमार झाली की एकत्र येऊन एक देठ उभारतात. साधारण पाचवा हिस्सा पेशी त्या देठात मरतात, आणि वर पोचलेल्या बीजाणू होऊन वाचतात. त्यांच्यातही देठात जायचं टाळून नेमकं वर पोचणारे वाण सापडले आहेत.

म्हणून तत्त्व लिहायच्या आधी चुकवेगिरीची यादी करा. निहारांमध्ये कडेची पाळी कोण कशी चुकवेल? आजाराचं सोंग आणून. पिल्लू पोटाशी धरून आत घुसून. पाळी मोजणाऱ्याशी नातं जोडून. दिवसा दुसऱ्याची कामं करून रात्रीची पाळी त्याच्या गळ्यात मारून. ही यादी जितकी खरी, तितकी पुढची विचारसरणी खरी होते, कारण तिचे निम्मे नियम या यादीला उत्तर म्हणूनच जन्मलेले असतात.

पायरी 2: हिशोबाचं सगळ्यात लहान माप

'व्यक्तीला किंमत नाही' हे वाक्य मसुद्यात दिसलं की मी विचारतो, मग किंमत कशाला आहे? मोजता काय?

ऊसतोडीचा हंगाम आला की बीडकडून तोडकरी जिल्ह्यात उतरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. माणसं दोन, मोळ्या दोघांच्या, वहीत आकडा एक. बायको तापानं पडली तर खाडा कोयत्याचा पडतो. उचल फिटली नाही तर ती फिरते दोघांच्याही डोक्यावर. लग्न ठरवताना, पोरं शाळेतून काढताना, पुढच्या वर्षी परत यायचं की नाही हे ठरवताना तेच माप घरात घुसतं. कुठलंही भाषण न करता एका मापानं माणसांचं जगणं कसं आखून टाकलंय बघा. परग्रही विचारसरणीला असलं माप हवं.

निहारांचं माप आपण 'जुडी' धरू. पाच देहांची एक रांग, एक कडेला, चार मागे. नाव जुडीला, कर्ज जुडीला, गुन्हा जुडीचा, मान जुडीचा. आता प्रश्न आपोआप फुटतात. एक मेला तर चौघांची जुडी पूर्ण धरायची का? दोन मोडक्या जुड्या जोडताना जुनं कर्ज कुणाचं? आणि पाचातला एकटाच वाचला तर? त्याला नाव नाही, उधारी मिळत नाही, साक्ष देता येत नाही. त्याला कुणी छळत नाहीये, नुसतं मोजत नाहीये. तुमचं मुख्य पात्र मला इथंच उभं दिसतं.

पायरी 3: कोठार, आणि शून्य कुठं धरायचं

समूहवादी राज्य म्हटलं की एक सामाईक कोठार आलंच. धान्य, उष्णता, हवा, इंधन, काहीही. लेखक ते भरलंय की रिकामं एवढं सांगून सुटतात. सोलापूरकराला असं सुटता येत नाही. उन्हाळा चढला की उजनी धरण 'मायनस'मध्ये जातं आणि गावभर चर्चा सुरू होते. उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीहून थोडा जास्त साठा मृत धरलेला. म्हणजे धरण शून्यावर आलं असं जाहीर होतं तेव्हा आत निम्म्याहून जास्त पाणी असतं. ही रेघ अभियंत्यांनी आखलेली, पण मायनसमधलं पाणी कुणाच्या नावानं उचलायचं, शहराच्या, उसाच्या की उद्योगांच्या, हे अभियंते ठरवत नाहीत.

तुमच्या साम्राज्याच्या कोठारालाही अशी रेघ द्या. रेघेच्या वरचं सगळ्यांचं. खालचं 'समूहाच्या भविष्यासाठी'. खालच्याला हात लावायची परवानगी कोण देतं, एवढं ठरलं की राज्यघटना न लिहिता सत्ता कुणाची ते कळतं.

वाटपाचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे, तो हात हलवून उडवू नका. बाजार नाही, भाव नाहीत, मग कुठल्या ग्रहावर काय कमी पडलंय हे कळणार कसं? लुडविग फॉन मिझेस यांनी 1920 मध्ये समाजवादी अर्थव्यवस्थेपुढं हाच पेच मांडला, आणि 1921 मध्ये सोव्हिएत रशियानं योजना आखायला गॉसप्लान नावाचं खातं स्थापलं. इंकांनी चलनाशिवाय, जवळपास बाजाराशिवाय अँडीज पर्वतात प्रचंड साम्राज्य चालवलं. कर म्हणून श्रमाची पाळी द्यायची, तिला 'मिता' म्हणत. जागोजाग कोठारं बांधलेली आणि हिशोब दोऱ्यांच्या गाठींत, म्हणजे किपूंत. चिलीत 1971 पासून स्टॅफर्ड बिअर या ब्रिटिश तज्ज्ञानं सायबरसिन नावाची योजना उभारली. कारखाने टेलेक्स या तारयंत्रानं जोडायचे आणि आकडे रोजच्या रोज सांत्यागोला आणायचे. ऑक्टोबर 1972 मध्ये ट्रकमालकांनी संप केला तेव्हा त्याच टेलेक्सच्या जाळ्यावरून सरकारनं उरलेले ट्रक हलवले. सप्टेंबर 1973 च्या लष्करी उठावानंतर योजना संपली.

यातलं एक निवडा. गाठी, खातं की तारा. आणि निवडल्यावर लगेच ठरवा की खोटा आकडा आत कसा शिरतो. खालचा अधिकारी वरच्याला बरा दिसणारा आकडा देतो, हे कुठल्याही ग्रहावर होणारच. निहारांमध्ये माझ्या मते किपूसारखं काहीतरी शोभेल, कारण थंडीत बोटं बधिर झाल्यावर गाठ मोजताना चूक होते आणि त्या चुकीचा फायदा कुणाला झाला हे शोधता येत नाही.

पायरी 4: सभासदांची नोंदवही

इथं थांबून सगळ्यात जास्त वेळ घालवा. बाकी सगळं चुकलं तरी कथा तग धरते, ही वही चुकली तर मात्र साम्राज्य पुठ्ठ्याचं होतं.

समूहाच्या मालकीचं असं काहीही घ्या, पहिला प्रश्न असतो समूहात कोण. सामाईक गायरानं, पाणी, मासेमारी लोक स्वतः कशी सांभाळतात याच्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना जी तत्त्वं दिसली, त्यात पहिलंच हे, की आतला कोण आणि बाहेरचा कोण याची रेघ स्पष्ट असते. छोट्या समूहाची ही ताकद आहे. साम्राज्याची हीच गोची आहे. साम्राज्य म्हणजे जिंकलेले लोक आले, आणि जिंकलेले लोक म्हणजे ज्यांनी सभासदत्वाचा अर्ज कधी केलाच नव्हता.

आपला सहकारी साखर कारखाना घ्या. भाग घेतलेला शेतकरी सभासद, त्याला एक मत, मग त्याचा ऊस दोन एकर असो की चाळीस. कायम कामगाराला मत नसलं तरी युनियन आहे. हंगामी कामगार त्याच्याही खाली. आणि ज्याच्या कोयत्याशिवाय गव्हाणीत मोळी पडत नाही, तो तोडकरी कुठल्याच यादीत नाही, तो मुकादमाच्या वहीत. कारखाना खोटं बोलत नसतो. वार्षिक सभेत 'कारखाना सगळ्यांचा' म्हणतात ते खरंच असतं, कारण 'सगळे' कोण हे आधीच ठरलेलं असतं. वर आपल्या सहकार कायद्यात नाममात्र सभासदासारखे प्रकार आहेतच. नाममात्र सभासदाला मताचा अधिकार नाही. यापेक्षा तयार साहित्य कुठल्या आकाशगंगेत मिळणार?

तर निहार शेजारच्या ग्रहावर उतरले. तिथली प्रजा उष्ण रक्ताची, जाड कातडीची, थंडी त्यांना फारशी बाधत नाही. निहारांचा विश्वास प्रामाणिक आहे की दाटी सर्वांची. मग या नव्या लोकांचं काय करायचं? मी अशा वेळी साम्राज्याचं परिपत्रक लिहून बघतो. भाषण लिहू नका, भाषणात सगळेच थोर असतात. परिपत्रकात माणूस, किंवा निहार, उघडा पडतो:

*विषय: तप्तकाय प्रजेस दाटीत प्रवेश देणेबाबत.*
*उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, दाटी सर्वांची आहे. तथापि ज्यांच्या देहास थंडीची बाधा होत नाही त्यांस कडेच्या पाळीचे मोल उमजणे तूर्त शक्य नसल्याने, त्यांच्या जुड्यांची नोंद 'उमेदवार' या रकान्यात करावी. उमेदवारांनी कडेची पाळी नियमित द्यावी. आतील पाळीबाबत यथावकाश कळविण्यात येईल.*

या चार ओळींत तुमचं साम्राज्य आहे. कुणी क्रूर नाही. तत्त्व कुठंही मोडलेलं नाही. आणि तरीही सगळी कड आता जिंकलेल्यांनी व्यापली, निहारांच्या दोन पिढ्या कडेला उभ्याच राहिल्या नाहीत. आता निहारांची पोरं कडेच्या पाळीची गाणी म्हणतात ती पाठ आहेत म्हणून.

वहीतले रकाने वाढवत न्या. इंका जिंकलेल्या टोळ्यांना उचलून दूरच्या प्रांतात वसवत, आणि त्यांच्या जागी आपली भरवशाची माणसं नेत. निहारही तसं करतील, आणि उचलून नेलेल्या उमेदवारांना नव्या ठिकाणी स्थानिकांपेक्षा वरचा रकाना देतील. मग उमेदवारांमध्येच उमेदवारी लागते. रकान्यांची नावं गोड ठेवा. कुठलंही राज्य 'गुलाम' असा रकाना काढत नाही.

एक तांत्रिक सूचना: नोंदणी कारकुनाच्या खिडकीवरचा एक प्रसंग लिहाच. उमेदवार जुडी अर्ज घेऊन आली आहे. कारकून स्वतः मोडक्या जुडीतला, चौघांतला. त्याला नियम ठाऊक आहे, अर्जात चूक नाही हेही दिसतंय, आणि तो म्हणतो, "पाचवा अंगठा नीट उमटला नाही. पुढच्या रात्रीनंतर या." एवढ्यात समोरच्याचं 40 दिवसांचं कडेला उभं राहणं येतं. ते आणखी समजावून सांगू नका.

पायरी 5: अंतर

ही पायरी छोटी आहे, पण टाळली तर जाणकार वाचक हसेल. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. प्रश्न विचारला तर उत्तर यायला साडेआठ वर्षं. वसाहत 30 प्रकाशवर्षांवर असेल तर 60 वर्षं. 'सगळ्यांनी मिळून ठरवू' हे तत्त्व इथं मोडतं. प्रकाशाहून वेगवान काहीतरी काढून हे बुजवू नका, कारण विचारसरणीचं खरं काम याच फटीत आहे. हुकूम पोचत नाही तिथं सवय पोचलेली असते. राजधानी आता काय म्हणेल हे दूरच्या अधिकाऱ्याला न विचारता कळावं, यासाठीच पाठांतर, ठरलेले न्याय, ठरलेल्या कथा. आणि तरीही 60 वर्षांत दूरची वसाहत त्याच वचनाचा वेगळा अर्थ लावून बसते. दोघंही स्वतःला निष्ठावान समजतात. पाखंड हे बहुतेक वेळा असंच, प्रामाणिकपणे, टपालाच्या उशिरानं तयार होतं.

पायरी 6: तत्त्व अंगात कसं मुरतं

नवखा लेखक इथं एक पवित्र ग्रंथ आणतो आणि त्यातली वचनं प्रकरणाच्या डोक्यावर देतो. चालेल, पण ग्रंथानं कुणी समूहाचं होत नाही. हाताला काम लागतं.

बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तळं खोदवलं, अशी आपली परंपरा सांगते. शरणांच्या, म्हणजे त्या काळातल्या शिवभक्त संतांच्या, विचारात कायक म्हणजे आपलं काम हीच पूजा, आणि दासोह म्हणजे त्या कमाईतला वाटा समाजाच्या पदरात. हे विचार ग्रंथात आहेतच, पण गावाच्या अंगात ते आहेत ते संक्रांतीच्या यात्रेत. सात नंदीध्वज, पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी, 68 लिंगांची प्रदक्षिणा, 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र'चा गजर. एक जण नंदीध्वजाची उंच काठी कमरेला पेलतो, मान वर, नजर टोकावर. बाजूचे त्याच्या पायांकडं बघत असतात. पाय डळमळला की शब्द न बोलता दुसरा आत शिरतो. त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव चाललेला असतो, आणि पोरं तो बघत मोठी होतात. संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात तेव्हा हजारो माणसं एकाच क्षणी हात वर करतात.

यातून दोन गोष्टी उचला. तुमच्या साम्राज्यात शरीरानं करायचा, तोल जाऊ शकेल असा एक विधी ठेवा, आणि तो सराव करताना दाखवा. दुसरी जास्त महत्त्वाची. कुठला ध्वज कुणाचा, पुढं कोण, मागं कोण, हा मान ठरलेला असतो. समूहवाद आणि समता ही जोडी निसर्गदत्त नाही. समूहात श्रेणी असू शकते, आणि खालच्या श्रेणीतला माणूसही आपला मान जिवापाड जपतो. विज्ञानकथांत हे फारच क्वचित दिसतं. निहारांमध्ये कडेच्या वाऱ्याच्या दिशेची जागा काही जुन्या जुड्यांची वंशपरंपरेनं असेल, आणि ती जागा उमेदवारांना दिली म्हणून त्या जुड्या भडकतील. साम्राज्याला पहिला धोका बहुधा त्यांच्याकडूनच येतो.

मुलांचं काय, हेही इथंच ठरवा. इस्रायलमधल्या किबुत्झांनी, म्हणजे सामूहिक शेतीवसाहतींनी (पहिला डेगानिया, 1910), पुढं मुलांना आईबापांपासून वेगळं, बालगृहात वाढवून पाहिलं. काही दशकांनी ही प्रथा बंद पडली, तिथंच वाढलेल्या बायकांनी आपली मुलं रात्री घरी हवीत म्हटलं हे त्याचं एक मोठं कारण. समूहाच्या विरोधातलं बंड अंथरुणाच्या जागेवरून होऊ शकतं.

पायरी 7: विरोध कोण करणार

आता तो हट्टी गडी. त्याला रजा द्या.

मे 1930 मध्ये सोलापुरात गोळीबार झाला, लोक उसळले, पोलीस चौकी पेटली आणि दोन-तीन दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नाही. मग 12 मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. गांधी टोपी घालणंसुद्धा गुन्हा ठरला. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. नावं परत वाचा. चौघांचं गाव एक, बाकी सगळं वेगळं. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करायचे, आणि गिरण्यांच्या पाळ्यांनी या गावाला एका भोंग्यावर उठायला तोवर शिकवलं होतंच.

साम्राज्याच्या नजरेत ही एकी नव्हती, दंगल होती. निहारांनाही उमेदवारांची एकी अशीच दिसेल. म्हणून समूहवादी साम्राज्यासमोर एकटा स्वतंत्र माणूस उभा करू नका. ती लढत सोपी असते आणि तिचा निकाल वाचकाला पहिल्या पानावर ठाऊक असतो. समोर दुसरा समूह उभा करा, साम्राज्यानंच कडेला एकत्र उभा केलेला. 40 दिवस शेजारी शेजारी गारठत राहिलेले उमेदवार, वेगवेगळ्या ग्रहांवरून उचलून आणलेले, एकमेकांची भाषा न येणारे. त्यांनीही आपली एक नोंदवही सुरू केलेली असेल. तिच्यात पहिला वाद कशावरून होईल सांगू? त्या मोडक्या जुडीतल्या कारकुनाला आत घ्यायचं की नाही.

लिहायला बसाल तेव्हा सुरुवात लढाईनं करू नका, खिडकीवरच्या त्या प्रसंगानं करा. मग परिपत्रक, मग चुकवेगिरीची यादी, त्यातली एक चुकवेगिरी कारकुनाच्या अंगावर घाला. कोठाराची रेघ मध्यावर येऊ द्या. अवकाशयानं, किरणास्त्रं, राजधानीचे मनोरे हे सगळं शेवटच्या खर्ड्यात, आणि जागा उरली तरच.